अनंतरावांच्या छातीवरचा बिल्ला

त्या बुधवारी सकाळीही अनंतरावांनी आधी मला छातीशी लावलं आणि मगच कपातला चहा बशीत ओतला. जानेफळच्या त्या लहानशा दवाखान्यात चहा कितीही गरम असला तरी हा क्रम कधी बदलला नाही. विमलबाई झाडू बाजूला ठेवून म्हणायच्या की देवाच्या फोटोला हात जोडायचा राहील, पण बिल्ला लावायचा राहणार नाही. अनंतराव हसायचे आणि बशी तोंडाला लावायचे. तो दिवस अगदी इतर दिवसांसारखाच सुरू झाला होता.

मित्रांनो, मी एक जुना बिल्ला आहे. शाळेत मॉनिटरच्या खिशावर असतो तसा चकचकीत नाही. प्लॅस्टिकची काळी चपटी डबी, मागे चिमटा, पुढे बोटाच्या टोकाएवढी खिडकी. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्या माणसापर्यंत किती किरण पोचले, हे सांगणं माझं काम. एवढंच काम, पण ते खरं करावं लागतं. माझ्या सांगण्यात चूक झाली तर माणूस विनाकारण घाबरतो, किंवा घाबरायला हवं तेव्हा बेफिकीर राहतो.

माझ्या पोटात एक पातळ पट्टी असते. तिच्यावर तीन गोल टिकल्या असतात. एक टिकली तांबं आणि ॲल्युमिनियमच्या झाकणाखाली, दुसरी प्लॅस्टिकखाली आणि तिसरी उघडी, माझ्या खिडकीतून बाहेर बघणारी. किरण पडले की टिकल्या ते गुपचूप धरून ठेवतात. दर तीन महिन्यांनी पट्टी दूरच्या प्रयोगशाळेत जाते. तिथे तिला तापवतात. तापली की टिकल्या उजेड देतात. जितकं झेललं, तितका उजेड. तो एकदा देऊन टाकला की पट्टी कोरी होते आणि माझ्या पोटात दुसरी पट्टी येते. म्हणून किरणांची आठवण पट्टीला असते. माणसांची आठवण मला राहते.

या टिकल्यांना एक खोड आहे. खूप जोरकस किरण असले तर ते तांब्यातूनही पार जातात आणि तिन्ही टिकल्या जवळपास सारख्याच उजळतात. पण हाडांचे, छातीचे फोटो काढणारे किरण त्या मानाने मवाळ. ते धातूच्या झाकणात बरेचसे अडकतात. उघड्या टिकलीवर मात्र ते एवढा उजेड करतात की खरे असतील त्याच्या आठ-दहा पट वाटावेत. एकट्या उघड्या टिकलीचं ऐकलं तर कोणीही दचकेल. म्हणून वाचणारे तिघींची तुलना करतात, किरण कोणत्या जातीचे ते ओळखतात आणि मग फुगलेला आकडा जागेवर आणतात. शिशाच्या ॲप्रनमधून गाळून आलेले किरण थोडे, पण त्यातल्या त्यात जोरकस. त्यांची खूण वेगळी. वाटेत शिसं न लागता आलेल्या किरणांची खूण वेगळी.

अनंतरावांनी हे सगळं त्यांच्या मुलीला, शरयूला, ती नववीत असताना व्हरांड्यातल्या बाकावर बसून समजावलं होतं. "एकटीवर भरोसा ठेवाचा नाई," ते म्हणाले होते. "तिघींले इचाराचं. अन् मंग इचाराचं की बिल्ला होता कुठं."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढे त्याच्यावरच सगळं अडलं.

त्या बुधवारी गर्दी होती. उकंडराव नावाचे म्हातारे शेतकरी गोठ्यात घसरले होते आणि सुजलेलं मनगट दुसऱ्या हाताने धरून आले होते. टेबलावर हात ठेवताना कळ गेली तरी त्यांची जीभ थांबली नाही. "अनंतराव, फोटो जरा गोरा काढजा. जिंदगीभर उन्हानं काळा केला मले." अनंतरावांनी बटणाकडे जाता जाता सांगितलं की हाडं सगळ्यांचीच गोरी येतात, काका, आता हलू नका.

दुपारी एक बाई तान्हं लेकरू घेऊन आली. लेकराला कोणीतरी धरून ठेवायला हवं. नातेवाइकांसाठी ठेवलेल्या ॲप्रनचा पट्टा तुटला होता. तेव्हा अनंतरावांनी मला ॲप्रनवरून काढून स्वतःच्या शर्टाला लावलं, आपला शिशाचा ॲप्रन त्या बाईला घातला आणि स्वतः शिशाच्या पडद्यामागे गेले. दारातून बघणाऱ्यांना पडदा दिसत नव्हता. अनंतरावांनी स्वतःच्या अंगावरचा ॲप्रन दुसऱ्याला दिला, एवढंच त्यांना दिसलं. ते कौतुकाने त्याबद्दल बोलले. कौतुकही कधी कधी माणसाच्या अंगलट येतं.

माझा चिमटा सैल झाला होता. शर्टावरून मी घसरायचो. म्हणून अलीकडे अनंतराव मला ॲप्रनच्या आतल्या काठाला, छातीपाशी लावायचे. तिथे मी घट्ट बसायचो आणि शिशाच्या आतच राहायचो. ती बाई गेल्यावरही त्यांनी मला परत तिथेच लावलं होतं. संध्याकाळी ते मला आठवणीने काढून व्हरांड्यातल्या टेबलाच्या खणात ठेवायचे. त्या संध्याकाळी मात्र चिखलीची एसटी यायची होती. शरयू चिखलीला शाळेत मराठी शिकवते. ती सुट्टीला येत होती आणि तिच्याआधी घरी पोचायची त्यांना घाई होती. त्यांनी ॲप्रन उतरवून विमलबाईंच्या हातात दिला आणि निघाले. मी ॲप्रनलाच राहिलो.

ही घाई कशाची होती, हे मला ठाऊक होतं. ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

शरयू पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. अनंतराव एकदा मला चुकून शर्टावर लावूनच घरी गेले होते. दारात पोचताच त्यांनी नेहमीसारखे हात पुढे केले. शरयू धावत आली, मध्येच थांबली आणि दाराआड गेली. शाळेत कोणीतरी तिला सांगितलं होतं की तुझ्या बाबाच्या अंगाला एक्स-रे लागलेला असतो, हात लावला की हाडं दिसायला लागतात. अनंतरावांना चांगलं माहीत होतं की असं काही नसतं. बटण बंद झालं की दिवा विझल्यावर उजेड उरत नाही तसे किरणही उरत नाहीत. पण ते समजावत बसले नाहीत. ते मोरीत गेले, आंघोळ करून आले, ओल्या अंगाने तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "घे. आता काही नाई."

त्या दिवसापासून ते आधी आंघोळ करायचे आणि मग लेकीजवळ जायचे. ती नववीत टिकल्यांची गोष्ट शिकली तेव्हाही ते तसंच करत होते. ती कॉलेजात गेली, पुस्तकांच्या थप्प्या वाचू लागली, नोकरीला लागली. एसटीतून उतरून ती घरी पोचायची तेव्हा त्यांचे केस ओले असायचे. का, हे तिला कळत होतं. ती काही बोलली नाही. त्यांनीही विचारलं नाही. अनंतराव स्वतः व्हरांड्यात विमलबाईंना हे हसत सांगायचे. पोरगी आता मास्तरीण झाली, पण आपली सवय काही मोडत नाही, म्हणायचे.

गुरुवारी सकाळी अनंतराव आले नाहीत. थोड्या वेळाने विमलबाई रडत आल्या. ते पहाटे अंथरुणातून उठलेच नव्हते. दवाखान्याच्या डॉक्टर रेवती मॅडम धावत त्यांच्या घरी गेल्या होत्या. हृदय थांबलं होतं.

मी एक्स-रेच्या खोलीत खुंटीवर होतो.

कामाला मेहकरहून प्रसेनजित नावाचा तंत्रज्ञ येऊ लागला. त्याने आपला बिल्ला आणि ॲप्रन सोबत आणला होता. अनंतरावांच्या ॲप्रनला कोणी हात लावला नाही. गेलेल्या माणसाची वस्तू तेरवी झाल्याशिवाय हलवायची नाही, असं सगळ्यांच्याच मनात होतं. चांगल्या मनाने केलेली गोष्ट होती ती. पण छातीचे फोटो काढायचा स्टँड त्या खुंटीच्या अगदी लगत होता. थंडीचे दिवस, खोकल्याचे रोगी रोज रांगेने यायचे. प्रसेनजित पडद्यामागून "दम धरा" म्हणायचा, बटण दाबायचा आणि मी प्रत्येक वेळी झेलत राहायचो. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. माझी सगळी बोली त्या टिकल्यांत, आणि ती कळते पट्टी तापल्यावरच.

तेरवी झाल्यावर शरयू वडिलांच्या वस्तू न्यायला आली. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. लहानपणापासून ती त्या खोलीत कधी आलीच नव्हती. विमलबाईंनी डबा, चष्मा आणि चपला आणून दिल्या. ॲप्रन तेवढा खुंटीवरून काढून दारापर्यंत आणला आणि तिच्यापुढे धरला. शरयूने चिमटा सोडवून मला काढलं. थोडा वेळ मुठीत ठेवलं. मग मॅडमच्या टेबलावर ठेवलं. ॲप्रन पुन्हा खुंटीवर गेला, पट्टी प्रयोगशाळेत गेली.

काही आठवड्यांनी निकाल आला. अनंतरावांच्या नावावर आजवर जे आकडे लागत, ते नावापुरते असत. या वेळचा आकडा मर्यादेबाहेरचा होता. तिन्ही टिकल्यांची तुलना करून, फुगवटा काढूनही मोठा होता. सोबत प्रयोगशाळेने विचारलं होतं की किरणांची खूण शिशातून आल्यासारखी दिसत नाही, ही व्यक्ती ॲप्रनविना काम करत होती का?

मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण मी कुठे होतो, हे मला सांगता येत नव्हतं. आणि माझ्यावर नाव अनंतरावांचं होतं.

प्रसेनजितने निकाल पाहिला आणि बाहेर टपरीवर चहा घेताना बोलून गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. हृदयाने गेले म्हणणारे लोक आता म्हणू लागले की किरणांनी माणूस आतून पोखरला. ज्यांनी अनंतरावांचं कौतुक केलं होतं तेच पुरावा देऊ लागले. आम्ही डोळ्यांनी पाहिलं, म्हणाले, स्वतःचा ॲप्रन काढून त्या बाईला घातला. एक्स-रे लिहून दिलेले रोगी परस्पर घरी जाऊ लागले. प्रसेनजितच्या बायकोने त्याला नोकरी सोडायला सांगितलं, आणि तो पडद्यामागे उभा राहूनही घामाघूम व्हायला लागला.

मॅडमनी शरयूला बोलावून घेतलं. हृदय थांबण्याचा या आकड्याशी संबंध नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग आवाज खाली आणून विचारलं की तुमच्या वडिलांचा स्वभाव मऊ होता, दुसऱ्यांना ॲप्रन देऊन ते स्वतः तसेच उभे राहत असतील का? प्रयोगशाळेला उत्तर पाठवायचं होतं. मी टेबलावर, पेपरवेटच्या शेजारी होतो. शरयूने माझ्याकडे पाहिलं. स्वतः थंड पाण्याने आंघोळ करून लेकीसाठी गरम पाणी ठेवणारा माणूस असं करणार नाही, हे ती छातीठोकपणे कशी सांगणार? ती म्हणाली, "मॅडम, मले थोडं बसू द्या," आणि मला उचलून व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसली.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला उकंडराव बसले होते. मनगट बरं झालं होतं. मांडीवर नात होती, आरोही, चार वर्षांची. तिला कित्येक दिवसांचा खोकला होता आणि रोज संध्याकाळी अंग तापत होतं. मॅडमनी छातीचा फोटो लिहून दिला होता. उकंडराव उठत नव्हते. प्रसेनजित दोनदा दारात येऊन गेला. शेवटी उकंडराव म्हणाले, "त्या खोलीनं अनंतरावासारखा माणूस खाल्ला. तिथं मी लेकरू नाई नेत."

 आरोही खोकली. खोकता खोकता तिच्या बरगड्या आत जात होत्या.

शरयूच्या मुठीत मी घामेजलो होतो. उघड्या दारातून आत विमलबाई रोजच्यासारखा ॲप्रन ओल्या फडक्याने पुसत होत्या. तेरवी झाल्यापासून त्या तो रोज पुसायच्या, कोणी घालत नसलं तरी. पुसून झाल्यावर त्यांनी तो उलटा केला, आतलं अस्तर बाहेर, आणि खुंटीवर टांगला. अस्तराच्या काठावर माझ्या चिमट्याचा ओरखडा होता. तो आता थेट छातीच्या स्टँडकडे बघत होता.

शरयू उठून दारापाशी गेली.  "विमलबाई, हा ॲप्रन उलटा काऊन टांगता?"

"घाम वाळते ना, ताई. आतून ओला राह्यला की वास मारते. भाऊ होते तवापासून असाच टांगतो आम्ही."

"त्या बुधवारी?"

"असाच. मी त माह्या हातानं टांगला."

"अन् बिल्ला?"

विमलबाईंनी फडकं पिळता पिळता तिच्याकडे पाहिलं. "होता न तिथंच. मले वाटलं भाऊनं ठिवला असंन. मंग ते गेलेच. तेरवी नोती झाली, कोण हात लावते?"

शरयू दाराच्या चौकटीला टेकली. तिने ॲप्रन बघितला, स्टँड बघितला, मग मूठ उघडून मला बघितलं. ॲप्रन अंगात असताना मी शिशाच्या आत होतो. उलटा टांगला तेव्हा शिसं माझ्या पाठीशी गेलं आणि माझी खिडकी खोलीकडे वळली. अनंतराव गेल्यावर जेवढ्या लोकांनी त्या स्टँडसमोर दम धरला, ते सगळे फोटो माझ्या टिकल्यांवर जमा झाले होते. किरण शिशातून आले नव्हते, ही खूण बरोबर होती. पण ते माणसावर पडले नव्हते. ते एका खुंटीवर पडले होते.

"बिल्ला होता कुठं," ती स्वतःशीच म्हणाली.

तिने मॅडमना बोलावून दाखवलं. मॅडमनी खुंटी आणि स्टँडमधलं अंतर बघितलं, प्रसेनजितला तारखा विचारल्या, आधीच्या सगळ्या तिमाह्यांचे बारीक आकडे आठवून पाहिले आणि कपाळाला हात लावला. प्रसेनजित खाली बघत म्हणाला की रोज समोर दिसत होता मॅडम, पण भाऊंच्या वस्तूला हात कसा लावणार. त्याला कोणी रागावलं नाही.

शरयूने उकंडरावांना सगळं समजावलं. टिकल्या, खुंटी, उलटा ॲप्रन, सगळं. ते ऐकत होते, मान हलवत होते, पण आरोहीभोवतीचा हात सैल होत नव्हता. "तू शिकलेली हायस," ते म्हणाले. "मले एकच सांग. तू सोता जातं का वं त्या खोलीत?"

दाराच्या आत पाऊल ठेवायलाही ती कधी धजली नव्हती, हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.  तिने मला ओढणीच्या टोकात बांधलं. मग उंबरा ओलांडला आणि खुंटीवरून वडिलांचा ॲप्रन उतरवला. शिशाचं वजन खांद्यावर पडताच ती किंचित वाकली. विमलबाईंनी मागून पट्टा बांधला. शरयू म्हणाली, "लेकराले मी धरतो, काका. तुम्ही दारातून पाहा."

आरोहीला स्टँडसमोर उभं केलं. ती रडू लागली. शरयूने बाजूला गुडघ्यांवर बसून तिचे दोन्ही दंड धरले आणि तिच्या कानात सांगितलं की माझे बाबा सांगत होते, तुझ्या आबाची हाडं गोरी आली होती, आता बघू कोणाची जास्त गोरी येतात. आरोही रडता रडता थांबली, विचार करायला तोंड मिटलं आणि तेवढ्यात प्रसेनजितने बटण दाबलं. खट्ट आवाज झाला. एवढंच.

फोटोत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात पांढरा ढग दिसला. मॅडम म्हणाल्या की वेळेत आणलंत, औषधाने जाईल, पण अजून आठवडाभर घरी ठेवली असती तर अवघड होतं.  उकंडरावांनी नातीला घ्यायला हात पुढे केले आणि ते हात मध्येच थांबले. म्हातारं तोंड ओशाळं झालं. त्यांनी शरयूला हळूच विचारलं, "घरी नेल्यावर पह्यले आंघोळ घालाव लागंन का इले?"

शरयूने त्यांच्या अधांतरी हातांकडे पाहिलं.

"नाई, काका," ती म्हणाली. "अंगाले काही लागत नसते. घ्या तिले."

त्यांनी नातीला उचलून छातीशी धरलं.

मित्रांनो, मॅडमनी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. प्रयोगशाळेने चौकशी केली आणि तो आकडा अनंतरावांच्या नावावरून काढला. ॲप्रनची खुंटी आता दुसऱ्या भिंतीवर गेली आहे आणि माझ्या नव्या भावंडांची खुंटी बाहेर व्हरांड्यात. माझा चिमटा तुटला, म्हणून मी कामातून गेलो. तुमच्या ओळखीत कोणी एक्स-रेच्या खोलीत काम करत असेल तर त्यांना माझा निरोप सांगा. आम्हाला अंगावर लावा, शिशाच्या आत लावा आणि ॲप्रन उतरवताना आम्हाला आठवणीने सोबत न्या. आम्ही जिथे असू तिथलंच सांगतो. तुम्ही तिथे होता की नव्हता, हे आम्हाला कळत नाही. आणि कोणाबद्दल एखादा मोठा आकडा कानावर आला, तर पसरवण्याआधी तो कुठून आला ते विचारा. माणूस गेल्यावर त्याला उत्तर देता येत नाही.

त्या दिवशी उकंडराव नातीला घेऊन गेले, मॅडम आपल्या खोलीत गेल्या, प्रसेनजित टपरीकडे गेला. उन्हं व्हरांड्यात उतरली होती. शरयूने ॲप्रन स्वतः पुसला, सुलटा टांगला आणि ओढणीची गाठ सोडून मला तळहातावर घेतलं. चिखलीची एसटी सुटायची होती, पण तिला घाई नव्हती. ती खुंटीसमोर उभी राहिली. ॲप्रनच्या खांद्यांना अजून अनंतरावांच्या खांद्यांचा बाक होता. तिने हात पुढे केला आणि त्या खांद्यावर ठेवला. मग रिकाम्या खोलीत, नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"बाबा, आंघोळ राहू द्या. असेच या जवळ."